ब्लिदाच्या वॉर्डातला किस्सागो

शेजारच्या खालांना घेऊन मागे एकदा दवाखान्यात गेलो होतो. "दिल बैठा जाता है," असं त्या सांगत होत्या. डॉक्टरांनी ईसीजी लिहून दिला. दुभाषी मीच होतो. शब्द मराठीत आणले. पण मुलाची नोकरी गेल्यापासून खालांना झोप नाही, हे सांगायचं राहिलंच. कुणी विचारलंही नाही.

यंदा रमजानमध्ये फ्रांझ फॅनन वाचताना हे आठवलं. फॅनन मुसलमान नव्हते. मार्टिनिक बेटावर जन्मलेले हे कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ १९५३ साली फ्रेंच अमलातल्या अल्जीरियात, ब्लिदाच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तिथे युरोपीय आणि मुसलमान रुग्णांचे वॉर्ड वेगळे. रुग्णाला कोंडून न ठेवता बैठका, वर्तमानपत्र, सिनेमा, हस्तकला यांतून पुन्हा माणसांत आणायचं, ही पद्धत ते फ्रान्समध्ये शिकून आले होते. युरोपीय स्त्रियांच्या वॉर्डात ती चालली. मुसलमान पुरुषांच्या वॉर्डात मात्र साफ फसली. बैठकीत कुणी बोलेना. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, तिथे वर्तमानपत्राचं काय करणार? विणकाम तर बायकांचं!

उत्तर आफ्रिकेतल्या माणसाचा मेंदूच मागासलेला, असं अल्जियर्सचे नामवंत फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञ तेव्हा शिकवत. त्यांना हा आयता पुरावा होता. फॅनन आणि त्यांचे सहकारी जाक आझुले यांनी मात्र १९५४ च्या लेखात लिहून टाकलं, की चूक आमची आहे. युरोपातली चौकट आम्ही इथल्या माणसांवर लादली. त्यांना अरबी येत नव्हती, सगळा कारभार दुभाष्यामार्फत. आणि अल्जीरियन माणसाला दुभाषी भेटे तो एरवी कोर्टकचेरीत. अशा माणसासमोर कोण मन मोकळं करील? (हे वाचून मी जरा चपापलो.)

मग वॉर्डात तिथल्या धाटणीचं कॉफीगृह निघालं, ईदसारखे सण साजरे होऊ लागले, किस्से सांगायला किस्सागो येऊ लागला. माणसं एकमेकांशी बोलू लागली.

पण वॉर्डाबाहेर काय? नोव्हेंबर १९५४ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. फॅनन यांच्याकडे छळ सोसलेले येत आणि छळ करणारे पोलीसही. १९५६ च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. जी राजवट माणसाला त्याच्याच देशात परका करते, तिच्या नोकरीत राहून त्याचं मन कसं सांधायचं, असा त्या पत्राचा आशय. सरकारने त्यांना हद्दपार केलं. हिंसेबद्दल त्यांनी पुढे जे लिहिलं ते मला सगळं पटत नाही. डॉक्टर म्हणून त्यांनी पुढे ट्युनिसमध्ये जे केलं ते मात्र पटतं. तिथे त्यांनी दिवसाचं रुग्णालय चालवलं. रुग्ण सकाळी यायचा, संध्याकाळी घरी, आपल्या माणसांत परतायचा.

परवा खालांकडे इफ्तारीचं ताट घेऊन गेलो. मुलाला काम लागलं का, हे आधी विचारलं. "अभी कहाँ बेटा," म्हणाल्या, आणि मग मगरिबच्या अजानपर्यंत बोलत राहिल्या.