एफटीपी सर्व्हरवर निनावी प्रवेशाला आवर कसा घालावा

एफटीपी ही फायलींची ने-आण करण्याची जुनी पद्धत. तिच्यात 'अ‍ॅनॉनिमस' हे नाव टाकून, पासवर्डच्या जागी काहीही लिहून, कोणालाही आत येता येते. यालाच निनावी प्रवेश म्हणतात. सर्वांसाठी खुल्या असलेल्या फायली वाटायला तो सोयीचा. कार्यालयाच्या सर्व्हरवर मात्र धोक्याचा. लिनक्सवरच्या 'व्हीएसएफटीपीडी' या सर्व्हरवर तो कसा रोखायचा, ते क्रमाने पाहू.

१. सेटिंगची फाइल शोधा. उबुंटूवर ती 'ईटीसी' फोल्डरमध्ये 'व्हीएसएफटीपीडी.कॉन्फ' या नावाने असते. हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवा.

२. 'अ‍ॅनॉनिमस_एनेबल=नो' ही ओळ लिहा (फाइलमध्ये ती रोमन लिपीत असते). इथेच बरेच जण फसतात. ओळ पुसली किंवा तिच्यापुढे # लावले की प्रवेश बंद झाला, असे वाटते. प्रत्यक्षात ओळ नसेल तर हा प्रोग्रॅम 'येस' असेच धरून चालतो. म्हणून 'नो' स्पष्ट लिहायलाच हवे. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडू नका. ती चूक धरली जाते.

३. सर्व्हर पुन्हा सुरू करा. तोवर जुनेच नियम चालू राहतात.

४. निनावी प्रवेश ठेवणे भागच असेल, तर तो फक्त डाउनलोडपुरता ठेवा. आपल्या कर्मचाऱ्यांना फायली चढवता याव्यात म्हणून 'राइट_एनेबल' चालू करावे लागते. त्या वेळी 'अ‍ॅनॉन_अपलोड_एनेबल' मात्र 'नो' आहे ना, हे तपासा.

५. फोल्डरची परवानगी पाहा. निनावी पाहुण्याच्या मूळ फोल्डरमध्ये त्याला लिहिता येत असेल, तर सर्व्हर '५००'ची त्रुटी दाखवून जोडणी नाकारतो. अशा वेळी घाईने सगळ्या परवानग्या खुल्या करू नका. मूळ फोल्डरची लिहिण्याची परवानगी काढा. फायली स्वीकारायच्याच असतील तर आत वेगळा फोल्डर करा. त्यात टाकता यावे, पण आतले पाहता येऊ नये. नाहीतर अनोळखी लोक आपल्या सर्व्हरवरून आपसात फायली वाटू लागतात.

६. खात्री करा. दुसऱ्या संगणकावरून 'अ‍ॅनॉनिमस' आणि 'एफटीपी' या दोन्ही नावांनी प्रवेश करून पाहा. दुसरे नावही निनावीच धरले जाते. '५३०' हा आकडा आला, म्हणजे प्रवेश नाकारला गेला.

एवढे करूनही साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच प्रवास करतो. कर्मचाऱ्यांसाठी शक्य तिथे, सर्व मजकूर सांकेतिक रूपात पाठवणारे एसएफटीपीच वापरावे.