हाड मोडलं? आधी बोटं बघा

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाणारा महामार्ग तिसगावातून जातो. या रस्त्यावर मोटारसायकल घसरली, शेतात बैलाने धडक दिली किंवा आजी ओट्यावरून पडली, की भोवतीची माणसं लगेच म्हणतात, ‘बोटं हलतायत ना? मग मोडलेलं नाही, नुसतं लचकलंय.’ हा समज चुकीचा आहे. स्नायू आणि नसा शाबूत असल्या तर हाड मोडूनही बोटं हलतात. खुब्याच्या मोडलेल्या हाडाची टोकं एकमेकांत रुतून बसली, तर म्हातारं माणूस चार पावलं चालूनही दाखवतं. हाडावर नेमक्या एका जागी दाबल्यावर कळ येणं, वाढती सूज, अवयव वाकडा दिसणं, पायावर भार न पेलणं यांवरून संशय घ्यायचा. संशय आला की चोळायचं नाही आणि ओढून ‘बसवायचं’ तर मुळीच नाही.

‘आरोग्य केंद्रात फोटो निघत नाही, मग तिथं जाऊन काय उपयोग?’ असंही म्हणतात. एक्स-रे थोड्या वेळाने निघाला तरी बहुतेकदा चालतं. मोडलेलं हाड हलत ठेवून जीपमध्ये घालणं मात्र धोक्याचं असतं. मांडीचं हाड मोडलं तर आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त जाऊ शकतं, आणि मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण 5 लिटर. प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा स्थिर करून आधार बांधतात, वेदना कमी करतात, गरज पडल्यास सलाईन लावतात. हाड जखमेतून बाहेर आलं असेल तर निर्जंतुक पट्टी, अँटिबायोटिक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लवकर मिळणं फार मोलाचं. त्यानंतर 108 रुग्णवाहिकेने रुग्णाला पुढे पाठवता येतं. मांडीच्या मोडलेल्या हाडाला आधार देणारी ‘थॉमस स्प्लिंट’ पहिल्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आणि असंख्य जखमी सैनिक वाचले. ती बनवणारे ह्यू ओवेन थॉमस लिव्हरपूलमधल्या एका हाडवैद्याचे चिरंजीव होते.

म्हणून आपल्याकडच्या हाडवैद्यांना सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. पण ‘जितकं घट्ट बांधाल तितकं लवकर जुळेल’ ही समजूत हात गमावायला लावते. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढत असते. वरून कामट्या करकचून बांधल्या की आतला दाब वाढतो, स्नायूंना रक्त मिळत नाही आणि साधारण 6 तासांत ते कायमचे मरू लागतात. पंजा आखडून वाकडा होतो. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमन यांनी 1881 मध्येच हे लिहून ठेवलं. कोपराजवळ हाड मोडलेल्या मुलांना हा धोका विशेष असतो. डॉक्टर आधी पूर्ण प्लास्टरऐवजी अर्धं प्लास्टर घालतात, ते याच कारणाने. प्लास्टरमध्येही हे घडू शकतं. वेदना वाढतच गेली, बोटं बधिर, गार किंवा फिकट झाली, दुसऱ्याने बोटं सरळ करताच जीव कळवळला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. नाडी लागते म्हणून थांबू नका.

‘वय झालंय, आता ऑपरेशन कशाला?’ खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला खाटेवर पडून राहणंच जास्त घातक असतं. न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा पडतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. शक्यतो दोन दिवसांत ऑपरेशन करून त्याला उभं करायचं असतं. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची रुग्णालयात चौकशी करा.

आंबट किंवा भात बंद केल्याने हाड लवकर जुळत नाही. बिडी-सिगारेटने ते जुळायला उशीर लागतो, हे मात्र सिद्ध झालेलं आहे.

पाथर्डी तालुक्यातली अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. दुखायचं थांबलं म्हणून घरीच प्लास्टर कापून कोयता हाती घेऊ नका. मनगटाचं जागेवर बसवलेलं हाड पहिल्या दोन आठवड्यांत पुन्हा सरकू शकतं. एक्स-रे आणि केसपेपर सोबत न्या आणि ठरल्या तारखेला कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवाच.