डोक्यावर विमान, खांद्यावर कर्ज

घाटकोपर पश्चिमेला भटवाडीच्या चढावर ज्यांचं बालपण गेलं, त्यांना एक सवय आपोआप लागते. बोलता बोलता मध्येच थांबायचं, विमान जाऊ द्यायचं आणि वाक्य जिथे सोडलं तिथून पुन्हा उचलायचं. सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमानं आमच्या जवळजवळ डोक्यावरून जातात. आमच्या चाळीतली निम्मी भांडणं या मध्यंतरामुळेच शमली असावीत.

पायलट व्हायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते तिथेच, गच्चीवर. बाबा लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी ‘नाही’ म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का, या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही.

पायलटबद्दल आपल्याकडे एक ठरलेली कल्पना आहे. पांढराशुभ्र शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, पंचतारांकित हॉटेलात मुक्काम आणि लाखांत पगार. २००७ साली मला व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स मिळालं, आणि त्याच वर्षी चाळीच्या गणपती मंडळाने आमच्या पावतीवर ५०१ च्या जागी ५००१ लिहून आणले. तेव्हा मला नोकरी नव्हती. बाबांनी कार्यकर्त्यांना आत बोलावलं, चहा पाजला आणि ५०१ च दिले. कार्यकर्ते जाताना म्हणाले, ‘काका, पुढच्या वर्षी सोडणार नाही हं!’

हिशेब सांगतो, कारण तो सहसा कोणी सांगत नाही. या लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि विमानाचं मीटर टॅक्सीच्या मीटरपेक्षा निर्दय असतं. बँकेने घर गहाण ठेवून १५ लाख दिले. तेरा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता बसला सुमारे २२,४०० रुपये. बाबांचा पगार चौदा हजार. उरलेला खर्च त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडातून आणि आईच्या पाटल्यांतून निघाला होता.

आणि २००८ साली जगभर मंदी आली. विमान कंपन्यांनी भरती थांबवली. माझ्यासारखी लायसन्सवाली मुलं अंधेरी, मालाड, मुलुंडच्या कॉल सेंटरांत रात्रपाळीला बसू लागली. मीही बसलो, सतरा हजारांवर. अमेरिकेतल्या कुणाचं तरी क्रेडिट कार्ड हरवलं की मी त्याला धीर द्यायचो. आई पोळी-भाजीचे डबे करू लागली. मौज अशी, की बेकार पायलटला घरी स्वस्थ बसणंही परवडत नाही. दरवर्षी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते आणि लायसन्स जिवंत ठेवायचं तर अधूनमधून पदरचे पैसे मोडून विमान उडवावं लागतं. नोकरी नसलेल्या कारकुनाला टाइपरायटरचं भाडं भरत राहावं लागावं, तसं हे!

२०११ मध्ये एका कंपनीत निवड झाली. पेढे वाटून झाल्यावर कळलं, की ज्या जातीचं विमान चालवायचं तिचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि त्याचे पंधरा लाखांच्या आसपास पैसे उमेदवारानेच भरायचे. साताऱ्याकडची वडिलोपार्जित जमीन विकली. काका एक शब्द बोलले नाहीत, पण त्यानंतर दोन वर्षं त्यांनी आम्हाला जत्रेचं आमंत्रण पाठवलं नाही.

शिकाऊ असताना हातात पंचवीस हजार येत. हप्ता वजा केला तर अडीच हजार उरत. मेट्रो अजून सुरू झाली नव्हती. घाटकोपरहून ३४० नंबरच्या बसने अंधेरीला वर्गाला जायचो. दोनच पांढरे शर्ट होते. रोज रात्री एक धुवायचा, सकाळी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे द्यायचा. पुढे विमानावर गेलो की परगावी हॉटेलात मुक्काम पडे. तिथे पन्नास रुपयांना चहा मिळे. मी बॅगेतून आईने दिलेल्या दशम्या काढायचो आणि जेवणाचा भत्ता घरी आणायचो. पहाटे तीनला मला न्यायला गल्लीच्या तोंडाशी गाडी येई, तेव्हा नळावर पाणी भरायला उठलेल्या बायका कौतुकाने बघत. त्या गाडीत बसलेल्या माणसाच्या खिशात कित्येकदा शंभराची नोट नसे.

इथवरची गोष्ट कष्टाची आहे, आणि कष्टाच्या गोष्टी आपल्याकडे घरोघरी आहेत. सांगायचं आहे ते पुढचंच. सहवैमानिक म्हणून कायम झालो तेव्हा पगाराचा मोठा भाग उडवलेल्या तासांवर ठरलेला होता. उडालात तर पैसे, घरी बसलात तर नाही.

२०१२ च्या डिसेंबरात मला सणसणीत सर्दी झाली. प्रकृती ठीक नसेल तर उडू नये, हा नियम पाठ होता. पण त्या महिन्यात बहिणीची फी भरायची होती. मी गोळी घेतली आणि गेलो. विमान वर जाताना त्रास होत नाही. खाली येताना केबिनमधला हवेचा दाब वाढतो, सर्दीने नाक-कानातली वाट बुजलेली असली की तो दाब कानाच्या पडद्यावर येतो. मुंबईला उतरताना डावा कान फुटतोय असं वाटलं. कंट्रोलने दिलेली एक सूचना मला ऐकूच आली नाही. कॅप्टननी ती घेतली, उत्तर दिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं. खाली घाटकोपर सरकत होतं, आमची गच्चीही असणार. मागे दीडशेच्या वर माणसं बसलेली होती.

विमान उभं राहिल्यावर कॅप्टन म्हणाले, ‘किती पैसे वाचवलेस आज?’ मी आकडा सांगितला. खरोखरच सांगितला, तो मला तोंडपाठ होता. ते काही बोलले नाहीत.

त्या रात्री मला अमेरिकेतला एक अपघात आठवला. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ एक प्रवासी विमान कोसळलं, पन्नास माणसं गेली. सहवैमानिका २४ वर्षांची होती. तिचा तुटपुंजा पगार हा पुढे चौकशीत चर्चेचा विषय झाला. ती सिएटलकडे आई-वडिलांच्या घरी राहायची आणि रात्रभर प्रवास करून दुसऱ्या टोकाला कामावर आली होती. तिला सर्दी झाली होती. आजारी म्हणून सांगावं तर बरं वाटेपर्यंत हॉटेलचा खर्च आपल्यालाच करावा लागेल, अशा अर्थाचं तिचं बोलणं कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात सापडलं. अपघाताचं मुख्य कारण ती सर्दी नव्हे. धोक्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने केलेली चुकीची कृती हे होतं. पण हॉटेलचा तो हिशेब वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. तो माझाच हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी मी आजारी असल्याचं कळवलं आणि बाबांना सगळं सांगितलं. त्यांचा कारखाना तोवर बंद पडला होता. ते एका सोसायटीत रात्रीचे वॉचमन होते. युनिफॉर्म चढवता चढवता म्हणाले, ‘हप्त्याचं मी बघतो. तू झोप.’ सहा दिवस झोपलो. त्या महिन्याचा हप्ता त्यांनी कुठून भरला ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

कर्ज २०१८ मध्ये फिटलं. आज मी कॅप्टन आहे, पगार उत्तम आहे, आणि मंडळाच्या पावतीवर ते लिहितील तो आकडा देतो. पण या धंद्यातली जमीन किती भुसभुशीत आहे हेही पाहिलं आहे. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट २०१९ मध्ये. हाताशी हजारो तासांचा अनुभव असलेले लोक रस्त्यावर आले, की नव्या मुलाला कोण विचारणार?

जानेवारी २०२४ मध्ये सरकारने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नियम जाहीर केले. चांगलंच झालं. पण विश्रांतीचा नियम करता येतो, ती घेण्याची हिंमत नियमाने येत नाही. आजारी पडलेल्या सहवैमानिकाच्या पगाराला कात्री लागता कामा नये. ही प्रवाशांच्या जिवाची गोष्ट आहे, पायलटांच्या चैनीची नव्हे. आणि मुलाला पायलट करू पाहणाऱ्या आई-वडिलांना एवढंच सांगेन, की लायसन्सच्या खर्चावर थांबू नका. पुढचं प्रशिक्षण आणि बिनपगारी दोन-तीन वर्षं आधीच कागदावर मांडा.

मध्यंतरी पहाटेच्या उड्डाणाआधी माझा तरुण सहवैमानिक शिंकला. मी म्हटलं, ‘घरी जा.’ ‘सर, नुसती धूळ आहे,’ तो म्हणाला. पण बोलण्याआधी तो क्षणभर थांबला होता आणि त्याचे ओठ किंचित हलले होते. तो बेरीज करत होता. मी ऑफिसात फोन करून दुसरा माणूस मागवला.

विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं. प्रवासी फार चिडले होते.