बधिर पायांचे कारण रक्तात शोधताना

चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, तळव्यांना कापसावरून चालल्यासारखे वाटते, रात्री मुंग्या आणि जळजळ झोपू देत नाहीत. मेंदू व मज्जारज्जूबाहेरच्या नसा बिघडल्याची, म्हणजे पेरिफेरल न्यूरोपॅथीची, ही नेहमीची लक्षणे. ‘नसा कमजोर झाल्या’ एवढ्यावर उपचार ठरत नाहीत, आधी कारण शोधावे लागते.

अमेरिकेतील न्यूरॉलॉजी अकादमीने २००९ मध्ये सर्वाधिक उपयोगी म्हणून सांगितलेल्या रक्ततपासण्या तीनच आहेत. पहिली साखरेची. उपाशीपोटीची साखर ठीक असली तरी ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेले रक्त कधी कधी वेगळेच सांगते. दुसरी बी-१२ जीवनसत्त्वाची. शुद्ध शाकाहारी आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही यांच्यात ते कमी पडू शकते. आकडा काठावरचा असेल, तर मिथाइलमॅलोनिक आम्ल मोजून खरी कमतरता ओळखता येते. इंजेक्शने सुरू झाल्यावर मात्र बी-१२चा आकडा भरपूर दिसतो, म्हणून रक्त आधीच द्यावे. तिसरी तपासणी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसची. रक्तद्रवातील प्रथिने विजेच्या प्रवाहाने वेगळी केली जातात. एकाच पेशीकुळाने एकच प्रतिपिंड भरमसाट बनवले असेल, तर पसरट पट्ट्यांत एक अरुंद, ठळक पट्टा उठून दिसतो. यांच्या जोडीला मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि गरजेनुसार एचआयव्ही, हेपटायटिसच्या चाचण्या होतात.

अँटिबॉडीच्या महागड्या चाचण्यांची पाळी यानंतर येते, तीही लक्षणांनी तिकडे बोट दाखवले तर. हाताची ताकद हळूहळू जाते पण संवेदना शाबूत राहते, तेव्हा जीएम-१ विरोधी प्रतिपिंडे पाहतात. डोळ्यांच्या हालचाली अडल्या आणि तोल जाऊ लागला, तर जीक्यू-१बी. संवेदना झपाट्याने गेल्या, तर अँटि-हू, कारण त्यामागे फुप्फुसाचा कर्करोग दडलेला असू शकतो. लक्षणांशी न जुळणारा ‘पॉझिटिव्ह’ अहवाल रोग सिद्ध करत नाही.

२०२५च्या सुरुवातीला पुण्यात गाजलेल्या गीया-बारे सिंड्रोममध्ये पाय काही दिवसांतच लुळे पडतात. तेथे अँटिबॉडीच्या अहवालासाठी उपचार थांबवत नाहीत.

सगळ्या चाचण्या होऊनही अनेकांत कारण सापडत नाही. आणि कुष्ठरोगासारखे जुने कारण नेहमीच्या रक्ततपासणीत दिसतच नाही. त्यासाठी त्वचेवरचा बधिर चट्टा आणि कोपरामागची जाड झालेली नस डॉक्टरांनी हाताने चाचपूनच पाहावी लागते.