उन्हाळ्यातील फळांची कोशिंबीर

नौबाद परिसरात ऊन तापू लागले की जुलाब-उलट्यांचे रुग्ण येतात, आणि माझा पहिला संशय रस्त्यावर कापून ठेवलेल्या फळांवर व त्यांवरील बर्फावर असतो. फळे सोडा, असे मी सांगत नाही. घरी कापा, असे सांगतो. मेक्सिकोतील ‘साल्सा’चे मोठे कौतुक होते, आपला कैरी-कांद्याचा तक्कू तिचाच सख्खा भाऊ. त्यात खरबुजाच्या फोडी, हिरवी मिरची, कोथिंबीर व भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. खरबूज कापण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे, कारण खरबरीत सालीवरचे जंतू सुरीबरोबर गरात उतरतात. मीठ पानावर बसताना घालावे. आधी घातल्यास ते फळांतील पाणी ओढून घेते व कोशिंबिरीचे सार होते. कैरीच्या आंबटपणामुळे मीठ थोडे पुरते. दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा रक्तदाबाच्या रुग्णांनी विसरू नये. कडक उन्हाळ्यात ही कोशिंबीर तासाभरात संपवावी. मूत्रपिंडाच्या रुग्णांना मात्र खरबुजातील पोटॅशियम बाधू शकते. त्यांच्या वाटीत काकडी घालावी.