टाय हवा, पण कोणत्या कोर्टात?

गळ्यात टाय अडकवला की माणूस साहेब होतो, ही समजूत आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली आणि ते गेल्यावरही राहिली. पण एका व्यवसायात टायची निवड हौसेवर नसून नियमावर चालते. तो म्हणजे वकिली.

वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या तळ्याकाठी वाढलेला एखादा तरुण सनद घेऊन कुडाळच्या दिवाणी कोर्टात उभा राहतो. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टाखालील बार कौन्सिलचे नियम सांगतात, की तालुक्याच्या अशा कोर्टात काळा टाय चालेल. जिल्हा व सत्र न्यायालयात आणि हायकोर्टात मात्र पांढरे बँडच हवेत. म्हणजे ओरोसच्या जिल्हा न्यायालयात जाताना टाय घरी!

मग नव्या वकिलाने टाय घ्यावेत तरी किती? आमच्या मते दोनच, पण चांगले. काळे, बिनचकाकीचे, बिननक्षीचे. लांबी अशी, की टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत यावे. कोकणात घाम फार आणि पावसाळ्यात बुरशीही. रेशमावर घामाचे डाग राहतात, तेव्हा धुता येणारा पॉलिएस्टरचा टायच बरा. घरी येताच गाठ सोडून तो वाऱ्यावर टांगावा. गाठ तशीच ठेवून डोक्यावरून काढला, तर लवकरच त्याचे दोरखंड होते.

उरलेल्या पैशांत बँडच्या चार जोड्या घ्याव्यात. पांढऱ्यावर मळ लगेच दिसतो. सुरुवातीला फी बेताचीच मिळते, तेव्हा याहून अधिक खर्च नको. अशिलाची नजर गळ्याकडे जाते ती क्षणभर. पुढे तो एवढेच पाहतो, की वकीलसाहेबांनी आपले कागद वाचले आहेत की नाहीत.