पाटावरून डब्यात

"गहू ओलवलेत. उद्या पहाटंच निघ, उन्हाचं काही जमत नसतंय," असा आत्याचा निरोप आला आणि मी संभाजीनगरहून पहिली बस धरली. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं तिचं गाव गोदावरीपासून फार लांब नाही, पण चैत्रात नदी जवळ असल्याची खूण गावात कुठेच दिसत नाही. दिसतात त्या पत्र्यावर, गच्चीवर, बाजेवर वाळत टाकलेल्या कुरडया, पापड्या, सांडगे. पाडवा झाला की पुढचा महिना-सव्वा महिना इथल्या बायका पावसाळ्याचा स्वयंपाक करत असतात.

पोहोचले तेव्हा आत्या ओल्या धोतराची गाठ सोडत होती. दहा किलो गहू आदल्या संध्याकाळी पाण्याचा हबका मारून त्या फडक्यात बांधून ठेवलेला. मी एक दाणा दातांखाली धरला. वरून मऊ, आतून कटकन वाजणारा. "एवढाच पाहिजे," आत्या म्हणाली, "जास्त भिजला तं गिरणीत लगदा होतो, कमी भिजला तं कोंड्याची पूड होऊन सोजीत उतरती." पिठाच्या मोठ्या गिरण्यांतही दळण्याआधी गव्हाला पाणी देतात ते नेमकं याचसाठी. साल चिवट होते, भुगा न होता पापुद्र्यासारखी सुटते आणि आतला पांढरा-पिवळा गर वेगळा करता येतो. तिथे ओलावा मोजायला यंत्र असतं, इथे आत्याची दाढ.

गहू बन्सी. हा जातीनं टणक, लांबोडका, मधासारख्या रंगाचा. इटालियन लोक ज्या ड्यूरम गव्हाशिवाय पास्त्याचं नाव काढत नाहीत, त्याच कुळातला. मराठवाड्याच्या काळ्या रानात, नुसत्या जमिनीतल्या ओलीवर तो पूर्वी घरोघर व्हायचा. पाणी आलं तसा गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निघालेला लोक-वन आला. आपण त्याला लोकवन करून टाकलं आणि पोळीसाठी तोच रुळला. आता बन्सी शोधावा लागतो. आत्याला तो दरवर्षी एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळतो, तोही मोजून.

गिरणीतून आलेलं दळण आधी चाळणीनं, मग परातीवर ताणून बांधलेल्या जुन्या सुती ओढणीतून गाळलं. वस्त्रगाळ करताना हात एका लयीत फिरवावा लागतो. घाई केली की कोंडा खाली येतो. दोन तासांनी आमच्यापुढे तीन ढीग होते: कोंडा, सोजी आणि पिठूळ सपीठ. दहा किलोतून शेवयाजोगं निघालं ते सात किलोच्या आसपास. कोंडा म्हशीला गेला.

सोजी आणि सपीठ मिठाच्या पाण्यात घट्ट मळून, ओल्या फडक्याखाली दुपारपर्यंत ठेवलं. मग आलं ते तिंबणं. हा शब्द शहरात आता लाक्षणिक अर्थानंच वापरतात, पोराला तिंबून काढला वगैरे. इथे खरोखर मुसळ घेऊन कणकेचा गोळा तिंबतात. मी पंधरा मिनिटं मुसळ चालवलं आणि खांद्यानं जवाब दिला. शेजारच्या काकूंनी ते माझ्या हातून घेतलं, पाण्याचा हात लावत गोळा उलटा केला आणि पुन्हा सुरू. गव्हातली प्रथिनं पाण्यात भिजून एकमेकांना धरतात, मार खाऊन त्यांची जाळी बांधली जाते, मीठ ती घट्ट करतं, विसावा दिला की ताणायला सैल होते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. काकूंना कणकेच्या आवाजातून. सुरुवातीला मुसळाचा धप्प धप्प असा कोरडा आवाज येत होता. नंतर नंतर मुसळ उचलताना कणीक चिकटून वर यायची आणि सुटताना 'चट्' व्हायचं. "आता बोलायला लागली," काकू म्हणाल्या, आणि मुसळ थांबलं.

आत्याचा पाट सागवानी आहे, तिच्या सासूच्या वेळचा. वीतभर रुंद, पाठीवर बारीक खाचा. खाचा मधोमध झिजून जवळजवळ सपाट झाल्यात, कडांना अजून बोटाला लागतात. त्याचं एक टोक बाजेवर, दुसरं खाली उतरतं. आत्या वर बसते, पाट मांडीखाली दाबून धरते, गोळ्याचा लिंबाएवढा तुकडा खाचांवर ठेवते आणि तळव्याच्या गादीनं पुढे रेटते. बोटं यात नसतातच, सगळं काम मनगटाजवळच्या मांसल भागाचं. रेटत रेटत तुकड्याची वात होते, वातीचा दोर होतो आणि पाटाच्या खालच्या टोकाशी बसलेल्या काकू तो दोर दोन बोटांत झेलून हलकेच ओढून घेतात. वरचीनं रेटायचा वेग आणि खालचीनं ओढायचा वेग एक पाहिजे. वरची पुढे गेली तर शेवई जाड उतरते, खालची पुढे गेली तर तुटते. दोघी गावातल्या कुणाच्या तरी सोयरिकीबद्दल बोलत होत्या, भांडणही करत होत्या, पण दोर काही तुटला नाही. मी खाली बसले तेव्हा चार वेळा तुटला. आत्या काही बोलली नाही, तुटलेले तुकडे गोळा करून तिनं पुन्हा कणकेत मिसळले.

हातावरच्या शेवया याहून अवघड. त्या आता गावात एक म्हातारी आजीच करते. ती दुपारच्या चहाला आली आणि आमचा घोळ बघून तिला राहवलं नाही. कणकेचा तुकडा घेऊन तिनं बांगडीएवढं कडं केलं, दोन्ही हातांत धरून ताणलं, पीळ देऊन दुमडलं, पुन्हा ताणलं. एकाचे दोन, दोनाचे चार. प्रत्येक वेढ्याला तांदळाच्या पिठीत बुडवायचं, नाहीतर धागे एकमेकांना चिकटतात. सहाव्या वेढ्याला चौसष्ट धागे. तिथवर मी मोजत होते, पुढे मोजायचं सोडून नुसतं बघत राहिले. दहाव्याला हजारावर चोवीस होतात, हे नंतर कागदावर केलं. त्या वेळी तिच्या दोन हातांमध्ये रेशमाची लड लोंबत होती आणि ती लड तिनं उलट्या टाकलेल्या बाजेच्या पायांना बांधलेल्या काठ्यांवर अशी सोडली, की एक धागा दुसऱ्यावर पडला नाही.

वाळवणं म्हणजे उन्हात टाकणं, असा माझा समज होता. तो इथे मोडला. शेवया पहिल्यांदा ओसरीत, सावलीला. एप्रिल सरता सरता जालना जिल्ह्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तसल्या उन्हात ओली शेवई ठेवली की वरची साल वाळून आखडते, आतला ओलावा अडकतो आणि दोन दिवसांनी डब्यात हात घातला की निघतो तो चुरा. इटलीत नेपल्सजवळ ग्रान्यानो नावाचं गाव आहे, पास्त्यासाठी नावाजलेलं. तिथे रस्त्यारस्त्यांत काठ्यांवर पास्ता वाळत असायचा आणि डोंगर-समुद्राच्या मंद वाऱ्यावर गावाचा सगळा धंदा चालायचा. आत्यानं ग्रान्यानोचं नाव ऐकलेलं नाही. तिनं ओसरीचा पडदा सोडला आणि पंखा बंद केला, एवढंच.

शेवया वाळत होत्या तोवर उरलेल्या कणकेचं वळवट झालं. हे काम पोरीबाळींचं आणि गप्पांचं. चिमटीत कणीक घेऊन गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले, नखावर दाबून उमटवलेले नखुले, बोटावर वळलेले बोटवे, मालत्या. लग्नघरी रुखवतात ताटंच्या ताटं मांडतात. इटालियन लोकांत गव्हल्याचा सख्खा भाऊ आहे, त्याला ते ओर्झो म्हणतात. ओर्झो म्हणजे जव. त्यांनी जवावरून नाव ठेवलं, आपण गव्हावरून, आकार तोच. मॉलमध्ये ओर्झोचं पाकीट जे दाम देऊन घेतात, त्यांच्याच आजीच्या फडताळात गव्हल्यांची बरणी पडून असते. हे मी स्वतःबद्दलच बोलतेय.

कारण गेल्याच महिन्यात माझ्या घरी अमेरिकेतून एक खोका आला होता. नणंदेच्या मुलानं आणलेला. खोक्यात तांदूळ, बोटाच्या पेराएवढे शेवयांचे तुकडे आणि मसाल्याची एक पुडी. वर लिहिलेलं, जेवणासोबत 'साइड डिश' म्हणून वाढा. लोण्यावर तांदूळ-शेवया सोनेरी होईतो परतायच्या, अडीच कप पाणी आणि पुडी घालायची, झाकण ठेवून मंद आचेवर वीसेक मिनिटं, मग तीन मिनिटं वाफ मुरू द्यायची. मी फोनवर बोलत परतत होते. तांदूळ सोनेरी होईतो शेवया काळ्या झाल्या. दोष खोक्याचा नाही, शेवई तांदळाच्या आधी रंग धरते हे मला कळायला हवं होतं.

अशा खोक्यांचा मूळपुरुष म्हणजे राइस-अ-रोनी. त्याची जन्मकथा मात्र कारखान्यातली नसून एका घरातली आहे. दिदोमेनिको हे सॅन फ्रान्सिस्कोतलं इटालियन कुटुंब. त्यांनी 1912 साली पास्त्याचा कारखाना काढला, त्याचं पहिलं नाव ग्रान्यानोवरूनच होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर या घरातले टॉम आणि त्यांची पत्नी लोइस एका आर्मेनियन बाईंच्या घरी भाड्यानं राहायला गेले. पायलाद्झो कप्तानियन त्यांचं नाव. 1915 च्या आर्मेनियन हत्याकांडातून त्या वाचल्या होत्या आणि त्यावर त्यांनी आठवणींचं पुस्तकही लिहिलं होतं. त्यांनी लोइसला आपल्या घरचा पुलाव शिकवला: लोण्यावर परतलेल्या शेवया, तांदूळ आणि कोंबडीचा रस्सा. तो दिदोमेनिकोंच्या घरात रुळला. पुढे टॉमचे भाऊ व्हिन्स यांनी रश्शाच्या जागी कोरड्या सूपची पूड घालून बघितली आणि 1958 मध्ये तो खोक्यात बाजारात आला. आज अमेरिकेत कोट्यवधी लोकांना तो 'तयार' पदार्थ म्हणून ठाऊक आहे. एका निर्वासित बाईचा हात त्यात आहे, हे खोक्यावर मावत नाही.

मला गंमत वाटते ती 'साइड'ची. आपल्या ताटाला बाजू आहेत. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. भात मधे. आणि जालन्यासारख्या ज्वारीच्या मुलखात तर भात ही सणावाराची चैन. शेवयांचंही तेच. पाहुणा आला, जावई आला, की शेवया. उकळत्या पाण्यात तुपाचा थेंब टाकायचा, शेवया सोडायच्या, दोन मिनिटांत वेळून घ्यायच्या, वर गुळवणी नाहीतर दूध-साखर आणि तूप. आंब्याच्या दिवसांत रस. अचानक दारात चार माणसं आली तरी बाई दहा मिनिटांत गोडाचं ताट मांडू शकते, कारण तिनं चैत्रातले तीन दिवस मुसळ चालवलेलं असतं. दोन मिनिटांचा पदार्थ म्हणतात तो हा. उरलेले तीन दिवस कुणी मोजत नाही.

आता तेही कमी होतंय. जालन्यात आणि तालुक्याच्या गावांत विजेवर चालणारी शेवयांची यंत्रं आली त्याला बरीच वर्षं झाली. सोजी घेऊन जा, किलोवर पैसे द्या, जाळीतून उतरलेल्या शेवया घेऊन या. उन्हाळ्यात तिथे रांग लागते आणि रमजानच्या ईदेच्या आधीही लागते, शीरखुर्म्याच्या बारीक शेवयांसाठी. पाटावरची चव यंत्राच्या शेवईला नाही असं म्हणायची पद्धत आहे. मी दोन्ही खाल्ल्या, फरक जेमतेम. खरा फरक आत्याच्या मनगटाला पडला असता, आणि यंत्र वीस वर्षं आधी गावात यायला हवं होतं असंच मला वाटतं. तिला हे म्हणून बघितलं. "मंग एवढ्या बाया माझ्या वसरीत कशाला आल्या असत्या?" एवढंच ती म्हणाली.

चौथ्या दिवशी शेवया कडकडीत वाळल्या. आत्यानं स्टीलच्या तीन डब्यांत त्या भरल्या, मधे कडुलिंबाचा वाळलेला पाला पातळ फडक्यात बांधून ठेवला. एक डबा माझा. निघायच्या आदल्या रात्री मी तिच्या चुलीवर कप्तानियनबाईंचा पुलाव करायला घेतला. लोण्याऐवजी तूप, आधी तांदूळ परतून घेतले, शेवया मागाहून मोडून टाकल्या. रश्शाऐवजी तुरीच्या डाळीचा कट, चवीला जिरं-मीठ. या वेळी काही जळलं नाही. दाणा न् दाणा मोकळा, शेवया खमंग, मधेच कुरकुरीत.

आत्यानं दोन घास खाल्ले. "झाला बरा," म्हणाली. मग ताटातला भात बोटानं बाजूला सारून त्यातली एक शेवई उचलून दिव्याकडे धरली. "पण ही मोडली कामून? एवढी लांब ओढली होती."

सकाळी बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसले. घरी पोहोचेपर्यंत एकही शेवई मोडली नव्हती.